नदी गप्प झाली त्या रविवारी

वायरापुंकूच्या खिंडीत थांबायचं नाही, असं नासारियोनं घरून निघतानाच ठरवलं होतं. आधीच उशीर झाला होता. खाली खोऱ्यात, पाकायपाता गावात, त्याचा मेहुणा विल्बर्ट याच्या मुलीचं जावळ होतं, आणि पहिली बट कापायचा मान नासारियो आणि त्याची बायको लिओनार्दा यांचा होता. ते पोचल्याशिवाय कात्री लागणार नव्हती. पण चार दिवसांच्या संततधारेनंतर त्या रविवारी सकाळी उघडीप मिळाली होती, आणि खिंडीच्या अलीकडच्या वळणावर मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "थांबव रे जरा. दगड ठेवल्याशिवाय मी इथून कधी खाली उतरलेली नाही."

फाउस्ता सासूबाईंचे दोन्ही डोळे काचबिंदूनं गेले होते. उजेड आणि अंधार, एवढंच त्यांना कळायचं. पण गाडी कुठल्या वळणावर आली आहे, हे पोटातल्या हेलकाव्यावरून त्या बरोबर सांगायच्या.

"परत येताना ठेवू, आई," नासारियो म्हणाला.

"परत येताना कशाला? दगड उतरायच्या आधी ठेवतात. तुमच्या वरच्या गावांत उलटं असेल."

लिओनार्दा हसली. "थांबव. पाच मिनिटांत पोरीचे केस काही कमरेपर्यंत वाढत नाहीत."

'वरची गावं' हा टोमणा नासारियोला लग्नापासून ऐकून पाठ झाला होता. तो उंच माळावरचा, बटाटा आणि मेंढरांच्या मुलखातला. सासरची माणसं खोऱ्यातली, मक्याची आणि फळांची. माळावरच्याला पोहता येत नाही, नाचता येत नाही आणि पाणी बघितलं की त्याचे पाय कापतात, असं खोऱ्यातल्या लोकांचं ठाम मत. तो कधी वाद घालायचा नाही. एकोणीस वर्षं त्यानं सरकारी लोडरवर बसून याच रस्त्यावरच्या दरडी उपसल्या होत्या. त्या इंजिनानं त्याचा डावा कान पार घालवला होता, आणि उजवाही अर्धामुर्धाच उरला होता. ऐकूच कमी येतं म्हटल्यावर टोमणेही कमी लागायचे.

खिंडीत प्रवाशांची एक मोठी बस उभी होती. नव्याकोऱ्या लोकरीच्या टोप्या घातलेली माणसं कठड्याला खेटून फोटो काढत होती. एका बाईनं आपल्या लांब मानेच्या, लोकरी अल्पाकाच्या कानात लाल गोंडे अडकवले होते आणि डोळ्यांवर काळा चष्मा चढवला होता; त्याच्याबरोबर फोटो काढायला रांग लागली होती. पलीकडे पेत्रोनिलाबाईंची हातगाडी होती, उकडलेली कणसं, त्यावर चीजचा तुकडा, आणि कोकाच्या पानांचा गरम काढा. नासारियो लोडरवर होता तेव्हापासून तो या बाईंकडे काढा प्यायला होता.

लिओनार्दा आईला हाताला धरून, उतरणाऱ्यांनी डोंगराला म्हणून ठेवलेल्या दगडांच्या राशीकडे घेऊन गेली. नासारियो कठड्यापाशी जाऊन उभा राहिला.

ऊन पडलं होतं आणि सगळं खोरं धुऊन काढल्यासारखं दिसत होतं. समोर हिमाच्या टोप्या घातलेले डोंगर, खाली शेतांच्या पायऱ्या, त्यांतून नागमोडी उतरत गेलेला रस्ता. दोन तासांच्या उतारानंतर तळाशी पाकायपाताचे पत्रे चमकत होते. गावाच्या वर एका सोंडेवर कब्रस्तानाची पांढरी भिंतही दिसत होती. असा देखावा वर्षातून चार वेळा मिळाला तर नशीब. शेजारची बाई नवऱ्याला म्हणत होती, इथून हलूच नये असं वाटतं.

नासारियोला मात्र चैन पडेना. घराला कुलूप लावलं की नाही, असं रस्त्यात मध्येच मनात यावं आणि आठवू नये, तसं काहीतरी होत होतं. त्यानं उजवा कान चोळला. वारा नव्हता. या खिंडीचं नावच वाऱ्याचं दार, आणि आज पानही हलत नव्हतं. त्यानं तेच कारण धरलं.

तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला. दगड ठेवून झाला होता, आणि त्या तिथंच मान एका बाजूला कलती करून उभ्या होत्या.

"नासारियो, नदी कुठंय?"

"खाली आहे, आई. कुठं जाणार?"

"मग ऐकू का येत नाहीये?"

नासारियो झटकन वळला. वारा नाही, आपला कानही गेलेला, म्हणून त्यानं जे सोडून दिलं होतं, ते म्हातारीलाही ऐकू येत नव्हतं. पावसाळ्यात यानामायू नदीची घरघर या खिंडीत छातीला जाणवायची. त्याच्यासारख्या बहिऱ्यालाही कळायची.

तो पेत्रोनिलाबाईंकडे गेला. "मावशी, नदी कधीपासून गप्प आहे?"

"पहाटेपासून. मी उठले तर मला वाटलं, मीच बहिरी झाले. तुझी साथ आली म्हटलं." बाई हसल्या आणि त्यांनी काढ्याचा पेला पुढे केला. "बरंच झालं म्हणायचं. चार दिवस नुसतं डोकं उठवलं होतं. गप्प व्हायच्या आधी एकदा धाडकन झालं कुठंतरी. वीज पडली असेल."

नासारियोनं पेला घेतला नाही. तो परत कठड्याशी आला आणि यावेळी देखावा सोडून पाणी शोधू लागला. चार दिवसांच्या पावसानंतर खाली गढूळ, रुंद पट्टा दिसायला हवा होता. दिसत होते ते धोंडे. पांढरट, ओले धोंडे, आणि मधून करदोड्याएवढी पाण्याची रेघ. मग त्यानं नजर वर, उगमाकडे नेली. तिथं दोन डोंगर जवळ येतात आणि नदी अरुंद घळीतून बाहेर पडते. डावीकडच्या डोंगराची हिरवी बाजू माथ्यापासून तळापर्यंत सोलली गेली होती. आत तांबडी माती दिसत होती.

अशा घळीत असा डोंगर उतरला की काय होतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. पाणी थांबत नाही, साठतं. मातीचा बांध जेवढा वेळ धरतो तेवढा वेळ. एका लहान ओढ्यावर त्यानं ते एकदा पाहिलं होतं. सहा तास बांध टिकला होता आणि मग पूल कुठं होता ती जागासुद्धा कुणाला सापडली नव्हती. हा ओढा नव्हता. आणि नदी पहाटेपासून गप्प होती; आता सव्वादहा वाजले होते.

फोनला रेंज फक्त दगडांच्या राशीवरच्या क्रॉसपाशी यायची. विल्बर्टनं चौथ्या वेळी उचलला. मागं बँड वाजत होता, माणसं हसत होती.

"दाजी, कुठवर आलात? पोरीला फ्रॉक घालून बसवलंय, रडून रडून झोपली ती."

"खिंडीत आहे. विल्बर्ट, नदी बघितलीस का?"

"बघितली म्हणजे? सगळं गाव नदीतच आहे. आटली हो नदी. हातानं मासे उचलतोय आम्ही. एवढाले ट्राउट, नुसते तडफडतायत दगडांत. तुमच्यासाठी दोन ठेवलेत."

नासारियोनं त्याला मध्येच तोडलं. "ऐक माझं. वर घळीत दरड कोसळलीय, मला इथून दिसतेय. पाणी मागं तुंबलंय. ते येणार. सगळ्यांना घे आणि कब्रस्तानाकडे वर जा. आत्ता. बायकामुलांना आधी."

विल्बर्टनं फोन तोंडापासून दूर धरून कुणाला तरी सांगितलं, "दाजी म्हणतायत पळा, पाणी येतंय." हशाची लाट आली. कुणीतरी मेंढीसारखं ब्यां ब्यां केलं.

"दाजी, कोरडी नदी बघून पण तुमचे पाय कापतात होय?"

"हवालदार आहे का तिथं? त्याला फोन दे."

"हवालदार गुडघ्यापर्यंत पँट वर करून माझ्या शेजारीच उभाय. त्याच्याकडे तीन आहेत. या हो लवकर. मांस शिजायला खड्ड्यात पुरलंय, वर दगड तापलेत, सासरेबुवा राखण करतायत. दीडला उघडायचं म्हणतात."

"विल्बर्ट, मी एकोणीस वर्षं..."

फोन कट झाला. त्यानं पुन्हा लावला. मारिबेलनं, विल्बर्टच्या बायकोनं, उचलला आणि "दाजी, आज नको ना चेष्टा, पाहुणे आहेत," एवढं म्हणून ठेवून दिला. तालुक्याच्या आपत्ती कक्षाचा म्हणून जो नंबर त्याच्याकडे होता, तो नुसताच वाजत राहिला. रविवार होता.

नासारियोच्या कानासाठी फोन नेहमी स्पीकरवरच असायचा; लिओनार्दानं सगळं ऐकलं होतं. "गाडी काढ. जाऊन सांगू."

"दोन तास लागतात. आणि रस्ता शेवटचा तासभर नदीकाठानंच आहे."

"मग काय इथं उभं राहून बघत बसायचं?"

सासूबाईंनी हात पुढे केला. "फोन लाव आणि माझ्याकडे दे."

"आई, तो तुमचंही ऐकायचा नाही. त्याला वाटेल मीच पढवलंय."

"नदीचं मी बोलणारच नाही. लाव तू."

त्यानं लावला. विल्बर्टनं हसतच उचलला, आणि म्हातारीचा आवाज असा काही बदलला की लिओनार्दानं दचकून तिचा खांदा धरला.

"विल्बर्टो. बाळा. मी आहे रे."

"आई? काय झालं?"

"तुझा दाजी खोटं बोलला. खिंडीत नाही आम्ही. तुला धसका बसू नये म्हणून काहीतरी सांगत होता वेडा. आम्ही कब्रस्तानाच्या फाटकाशी आहोत. गाडी बंद पडलीय. आणि माझ्या छातीत... श्वास पुरेना रे."

बँडचा आवाज एकदम लांब गेला. तो धावत असावा. "आई, बोलू नको. मी येतो. आलोच मी."

"एकटा येऊ नकोस. सगळ्यांना आण. पोरीला आण. मारिबेलला, तिच्या बहिणींना, शेजारच्यांना. मला सगळ्यांचे हात हातात घ्यायचेत. बँडला पण आण, मला वाजतगाजत जाऊ दे. कुणाला मागं ठेवू नकोस, तुला माझी शपथ आहे."

फोन बंद करून तिनं तो जावयाच्या हातात दिला. "आता कुणी माझ्याशी बोलू नका," ती म्हणाली आणि दगडांच्या राशीला टेकून खाली बसली.

मग वाट बघणं आलं. गावातून सोंडेवर चढायला पाऊण तास लागायचा, म्हातारीकोतारी, पोरं आणि ढोल घेऊन तर जास्तच.

बसच्या चालकानं हॉर्न देऊन आपले प्रवासी गोळा करायला सुरुवात केली तेव्हा नासारियोनं आपली व्हॅन रस्त्यात आडवी घातली. चालक खाली उतरला. भांडायच्या तयारीनंच उतरला होता.

"माझ्या लोकांचं जेवण सांगितलंय खाली. काढ हा खटारा."

"ती घळ बघ," नासारियो म्हणाला. "मग नदी बघ. मग मला सांग काढू का."

चालकानं बघितलं. तो या रस्त्यावरचाच माणूस होता. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली, आणि काही न बोलता बसमध्ये जाऊन इंजिन बंद केलं. प्रवाशांना त्यानं सांगितलं की रस्ता बंद आहे. त्यातल्या काहींनी अजून फोटो काढायला मिळणार म्हणून आनंद व्यक्त केला.

अकराच्या सुमारास खालून धुक्याचे पट्टे वर चढू लागले. आधी शेतांच्या पायऱ्या गेल्या, मग रस्ता, मग पत्रे. नासारियो डोळे ताणून बघत होता. सोंडेवरच्या वाटेवर मुंग्यांसारखी एक ओळ हलताना त्याला दिसली, निदान दिसल्यासारखी वाटली. मग तीही धुक्यात गेली. कब्रस्तानाची भिंत सर्वांत शेवटी पुसली गेली. कठड्याच्या पलीकडे आता दुधासारखं पांढरं काहीतरी भरून राहिलं होतं आणि त्यातून कुठलाही आवाज येत नव्हता. अल्पाकाच्या बाईनं जनावराचा चष्मा काढला आणि ती सामान बांधू लागली.

साडेअकरा वाजून गेल्यावर फोन वाजला.

"कुठाय आई?" विल्बर्टला दम लागला होता. "इथं कुणी नाही. गाडी नाही, काही नाही. फाटकाला कुलूप आहे."

नासारियोनं तोंड उघडलं, पण म्हातारीनं आवाजाच्या दिशेनं हात नेऊन फोन काढून घेतला.

"सगळे आले का, विल्बर्टो?"

"आई? तुझा आवाज तर... तू कुठं आहेस?"

"आधी सांग. सगळे आले का?"

"आले. अख्खं गाव चढवून आणलंय मी. लोक मला शिव्या घालतायत. तू आहेस कुठं?"

"नावं सांग एकेकाची."

"आई, हे काय चाललंय?"

"नावं सांग म्हटलं ना."

आईची आज्ञा मोडायची सवय नसलेला माणूस जसा चिडून का होईना ऐकतो, तसा तो सांगू लागला. मारिबेल. पोरगी, तिच्या कडेवर. दोघी मेहुण्या. हवालदार. शाळेच्या बाई. शेजारचे सातजण. बँडवाले. म्हातारी एक एक नाव ऐकून मान हलवत होती. लिओनार्दा बोटांवर मोजत होती आणि तिचं बोट मध्येच थांबलं.

"सिप्रियानो?" सासूबाईंनी विचारलं. सिप्रियानो म्हणजे मारिबेलचा बाप, विल्बर्टचा सासरा.

"ते खालीच आहेत. खड्ड्यापाशी कुणीतरी नको का राहायला? मांस जळून जाईल. म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, विहीणबाईंना नमस्कार सांगा."

म्हातारी म्हणाली, "मी खिंडीतच आहे रे. तुझ्या दाजीनं सांगितलं ते खरं होतं. सिप्रियानोला हाक मार. असशील तिथून हाक मार."

पलीकडून विल्बर्टच्या पायांचे आवाज, दगड घरंगळल्याचे, आणि मारिबेलचं ओरडणं, "कुठं चाललास? ए, कुठं चाललास?"

नासारियोला काही ऐकू आलं नाही. त्याला तळपायांत कळलं. लोडर सुरू होताना केबिनची फरशी जशी थरथरते तशी जमीन थरथरू लागली होती. पेत्रोनिलाबाईंच्या गाडीवरचे पेले एकमेकांवर किणकिणले. सासूबाईंनी फोन खाली टाकला आणि दोन्ही हातांनी कान दाबून घेतले. ते बराच वेळ चाललं. धुक्याचा पांढरा पडदा जागचा हलला नाही. बसमधली माणसं बाहेर येऊन कठड्यापाशी उभी राहिली. त्या पांढऱ्यात काय होतंय ते कुणालाच दिसत नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं.

फोन नंतर लागला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी नासारियो, लिओनार्दा आणि सासूबाई धारेधारेनं, मेंढपाळांच्या वाटेनं उतरले. म्हातारीला नासारियोनं बराचसा रस्ता पाठीवर घेतलं. रस्ता जागोजाग गेला होता. नदीकाठची आळी, शाळा, पूल, हवालदाराची चौकी, काही उरलं नव्हतं. करड्या चिखलाचं एक मैदान होतं आणि त्यात घरांएवढे धोंडे. वरच्या आळीची घरं तेवढी उभी होती. पाकायपाताची माणसं कब्रस्तानात प्लॅस्टिकच्या कागदाखाली राहत होती. एकशे बारा माणसं, आणि बँड. सिप्रियानोचा पत्ता नव्हता. विल्बर्ट अर्ध्या वाटेवर पोचला होता तेव्हा पाणी आलं. त्याच्या गुडघ्याला फडकं बांधलेलं होतं.

त्यानं कुणाला मिठी मारली नाही. आईजवळ आला, तिला बसवलं आणि नासारियोकडे वळला.

"खरं का नाही सांगितलंस?" आयुष्यात पहिल्यांदा तो दाजीला एकेरी बोलत होता. "आई मरतेय म्हणून मी पळत सुटलो. मागं वळून बघितलं नाही. पाणी येतंय हे कळलं असतं तर म्हाताऱ्याला पाठीवर घालून आणलं असतं मी."

नासारियोच्या ओठांवर उत्तर होतं. लिओनार्दाही त्याच्याकडे बघत होती. आता हा बोलेल, असं तिला वाटलं. तो बोलला नाही. विल्बर्टला ते उत्तर ठाऊक नव्हतं अशातला भाग नव्हता. त्याच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं, आणि तीन दिवस तो हेच ऐकत असणार, मेंढीचं ते ब्यां ब्यां.

"खोटं मी बोलले," सासूबाई म्हणाल्या. "माझ्यावर धर राग."

संध्याकाळी मारिबेलनं सगळ्यांना सूप वाढलं. बटाट्याचं, पातळ. बापाच्या नावानं तिनं डोक्याला काळं फडकं बांधलं होतं. नासारियोला तिनं हातात वाडगा दिला, लिओनार्दाला दिला. सासूपाशी आली तेव्हा तिनं वाडगा जमिनीवर ठेवला आणि एक शब्द न बोलता पुढे गेली.

वाडगा ठेवल्याचा आवाज म्हातारीनं ऐकला होता. तिनं हात खाली नेला आणि चिखलावरून चाचपत राहिली. बोटं वाडग्याच्या वीतभर अलीकडे फिरत होती. आजूबाजूला बसलेल्यांनी चमचे थांबवले. लिओनार्दा उठायला गेली, नासारियोनं तिचं मनगट धरलं.

विल्बर्ट भिंतीला टेकून बसला होता. बराच वेळ तो त्या हाताकडे बघत राहिला. मग लंगडत उठला, आईपाशी येऊन उकिडवा बसला, वाडगा उचलून तिच्या दोन्ही हातांत दिला, आणि ती पिऊन संपवेपर्यंत तिथंच, तिच्याकडे पाठ करून, बसून राहिला.